गिऱ्हाइकाने दिलेला फोटो मगवर छापताय? कॉपीराइट आणि चित्रांच्या परवान्याबद्दल हस्तकला विक्रेत्यांसाठी सविस्तर माहिती

मांडवी (रत्नागिरी) : मांडवीच्या जेटीवर फिरायला येणारे पर्यटक असोत, की मे महिन्यात आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी, जाताना काहीतरी आठवण म्हणून घेऊन जातातच. त्यात आता नाव घातलेल्या वस्तूंची भर पडली आहे. रेझिनचं कीचेन, फोटोचा मग, दारावरची नावाची पाटी, बारशाचं तोरण, हळदीकुंकवाच्या वाणावरचे स्टिकर, लग्नाच्या रुखवतातली फ्रेम अशी कामं अनेक महिला आणि तरुण घरबसल्या करतात. दुकान लागत नाही, मोबाइलवर ऑर्डर येते, दोन दिवसांत वस्तू तयार होते.

ऑर्डर येते ती साधारण अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो, खाली गाण्याच्या दोन ओळी, सोबत मुलाला आवडणारं कार्टून, आणि निरोप : "ताई, एवढं छापून द्या." छापून दिलं जातं. पण तो फोटो, त्या ओळी, ते कार्टून कोणाचं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारला जातो तो थेट नोटीस आल्यावर, किंवा ऑनलाइन दुकानाचं पान बंद झाल्यावर. त्या वेळी "गिऱ्हाइकानेच दिलं होतं" हे उत्तर पुरत नाही. माल छापून विकणारा विक्रेता असतो, त्यामुळे जबाबदारीही त्याच्यावर येते.

घाबरून धंदा बंद करण्याचं मात्र कारण नाही. काय मोकळेपणाने वापरता येतं, कशाला परवानगी लागते आणि कशाला हात लावू नये, एवढं ओळखता आलं की बहुतेक कामं निर्धास्तपणे करता येतात.

कॉपीराइट म्हणजे नेमकं काय?

भारतात यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ लागू आहे. चित्र, रेखाटन, फोटो, शिल्प, कविता, गाणं, सिनेमा अशी निर्मिती झाली की निर्मात्याला तिच्यावर आपोआप हक्क मिळतो. नोंदणी करावीच लागते असं नाही. चित्राखाली © ही खूण किंवा नाव नसलं तरी हक्क असतोच. चित्र सुंदर आहे की साधं, यानेही फरक पडत नाही.

चित्र, फोटो आणि लेखन यांवरचा हक्क निर्माता हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षे टिकतो. फोटोंसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे असा वेगळा नियम होता. २०१२ च्या दुरुस्तीने तो काढला आणि फोटोही चित्रांच्या नियमात आले. मुदत संपली की ती कृती सर्वांसाठी खुली होते.

कल्पना, शैली किंवा विषय यांवर कॉपीराइट नसतो. समुद्र, होडी आणि मावळता सूर्य कोणीही रंगवू शकतो. दुसऱ्याने रंगवलेलं तेच चित्र उतरवून घेता येत नाही. नुसतं नाव, आडनाव, "सुस्वागतम्" किंवा "शुभ विवाह" अशा दोन-तीन शब्दांनाही कॉपीराइट लागत नाही. त्यामुळे नावाच्या पाट्या आणि नावाची कीचेन हे सर्वांत निर्धोक काम आहे.

फोटो कोणाचा?

साधारणपणे फोटो काढणारा त्याचा मालक. मोबाइलवर आईने बाळाचा फोटो काढला तर तो आईचा. तिने तो मग छापायला दिला तर अडचण काहीच नाही.

स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोबाबत कायद्याचं कलम १७ ग्राहकाच्या बाजूचं आहे. पैसे मोजून, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. मात्र फोटोग्राफरशी वेगळा करार झाला असेल तर तो करार लागू होतो. लग्नाच्या फोटोंचं पॅकेज ठरवताना अनेकदा छापील अटींवर सही झालेली असते. म्हणून लग्नाच्या अल्बममधला फोटो छापायला आला तर "फोटोग्राफरशी काही लिखापढी आहे का?" एवढं विचारून घ्यावं. फोटोवर स्टुडिओचं नाव असेल तर ते पुसून छापू नये.

गूगलवर शोधून मिळालेला फोटो मात्र ना ग्राहकाचा, ना विक्रेत्याचा. गूगल फक्त तो फोटो कुठे आहे ते दाखवतं. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि पिंटरेस्टवरच्या चित्रांचंही तसंच. ते सगळ्यांना दिसतं, पण छापून विकायला मोकळं नसतं.

खासगी वापरासाठी कायद्यात सवलत आहे, असं काही जण सांगतात. ती स्वतःच्या वापरासाठी आहे. पैसे घेऊन दुसऱ्याला छापून देणं हा व्यवसाय झाला, तिथे या सवलतीचा आधार भक्कम नाही.

एक सावधगिरी कायद्यापलीकडची. कोणी तरुण एखाद्या मुलीचा तिच्या इन्स्टाग्रामवरून उचललेला फोटो फ्रेमसाठी आणून देतो. अशी ऑर्डर तिची संमती असल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांच्या फोटोबाबत आईवडिलांनाच विचारावं. ग्राहकाच्या घरच्या फोटोची वस्तू आपल्या जाहिरातीत टाकायची असेल तर त्याची वेगळी परवानगी घ्यावी आणि काम झाल्यावर फोटो मोबाइलमधून काढून टाकावेत.

नट, गायक, खेळाडू यांचे चेहरे

प्रसिद्ध व्यक्तीचा फोटो वापरताना दोन हक्क आड येतात. एक फोटो काढणाऱ्याचा, दुसरा त्या व्यक्तीचा स्वतःच्या नाव-चेहऱ्यावरचा. हा दुसरा हक्क भारतात स्वतंत्र कायद्यात लिहिलेला नाही, पण न्यायालयांनी तो मान्य केला आहे.

या धंद्याच्या अगदी जवळचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयातलं आहे. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या काही गिफ्टची दुकानं विकत होती. २०१० मध्ये न्यायालयाने त्या विक्रीला कायमची मनाई केली आणि १ लाख रुपये नाममात्र भरपाई देण्यास सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ऐश्वर्या राय-बच्चन यांनी याच न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचे मग आणि टी-शर्ट ऑनलाइन विकले जात असल्याचीही तक्रार होती. त्यांना अंतरिम संरक्षण मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस गायिका आशा भोसले यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. त्यात यंत्राने आवाजाची नक्कल करण्याबरोबरच त्यांच्या चित्राचा माल परवानगीशिवाय विकण्याचाही मुद्दा होता.

हयात नसलेल्या व्यक्तींबाबत चित्र थोडं वेगळं आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, असं मत नोंदवलं. पण त्यांच्या फोटोवरचा छायाचित्रकाराचा कॉपीराइट उरतोच.

कार्टून, लोगो आणि स्पॉटिफाय फ्रेम

मुलांच्या वाढदिवसाला छोटा भीम, डोरेमॉन, मिकी माउस हवेच असतात. ही सगळी पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत. हाताने रंगवलं, थोडे रंग बदलले किंवा खाली मुलाचं नाव टाकलं, तरी ते पात्र ओळखू येतं तोवर परवानगी लागते. मिकीचा १९२८ सालचा पहिला बोलपट १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत कॉपीराइटमुक्त झाला, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. पण ती सूट त्या जुन्या रूपापुरती आहे आणि मिकीचं नाव व चिन्ह ट्रेडमार्क म्हणून अजून सुरक्षित आहेत.

क्रिकेट संघांचे, मोबाइल कंपन्यांचे, मोटारसायकलींचे लोगो ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली येतात. बाइकच्या कीचेनवर कंपनीचा लोगो हा या धंद्यातला सर्वांत सामान्य घोटाळा आहे. त्याऐवजी गाडीचा नंबर आणि मालकाचं नाव घातलं तर कोणाचीच हरकत नाही.

सध्या मागणी असलेल्या स्पॉटिफाय फ्रेमचंही असंच. जोडप्याचा फोटो त्यांचा स्वतःचा, गाण्याचं नाव लिहायला हरकत नाही. पण कंपनीचा लोगो आणि अल्बमचं मुखपृष्ठ छापणं परवानगीचं काम आहे. फोटो, गाण्याचं नाव आणि तारीख एवढ्यावर तीच फ्रेम छान होते.

देवांची आणि जुनी चित्रं

गणपती, विठ्ठल, लक्ष्मी यांवर कोणाचा हक्क नाही. पण एखाद्या चित्रकाराने काढलेल्या त्यांच्या विशिष्ट चित्रावर असतो. जुन्या कॅलेंडरवरचं चित्र म्हणजे बिनमालकाचं, ही समजूत चुकीची आहे. काही उदाहरणं :

• राजा रविवर्मा (निधन १९०६) : मुदत केव्हाच संपली, चित्रं खुली आहेत.
• म. वि. धुरंधर (निधन १९४४) : मुदत २००४ अखेर संपली.
• दीनानाथ दलाल (निधन १९७१) : ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत संरक्षण.
• रघुवीर मुळगावकर (निधन १९७६) : ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत संरक्षण.
• आर. के. लक्ष्मण (निधन २०१५), म्हणजे 'कॉमन मॅन' : ३१ डिसेंबर २०७५ पर्यंत.

चित्र प्रकाशकाने काढून घेतलेलं असेल तर हक्क प्रकाशकाकडे असू शकतो, पण वर्षं चित्रकाराच्या निधनापासूनच मोजायची. रविवर्म्यांची चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर चांगल्या दर्जात मिळतात. मात्र आजच्या एखाद्या कलाकाराने त्यावर नव्याने काम करून बनवलेली आवृत्ती त्याची स्वतःची असते, ती उचलू नये.

कवितेच्या आणि गाण्याच्या ओळी

फ्रेम, डायरी आणि कापडी पिशव्यांवर मराठी ओळींना फार मागणी आहे. "दोनच तर ओळी आहेत" हा बचाव कवितेत चालेलच असं नाही, कारण छोट्या कवितेतल्या दोन ओळी म्हणजे तिचा मोठा भाग ठरू शकतो.

खुलं साहित्य : ज्ञानेश्वर, तुकाराम आणि इतर संतांचं वाङ्मय, मालगुंडचे केशवसुत (निधन १९०५), बालकवी (निधन १९१८), पालगडचे साने गुरुजी (निधन १९५०). बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची मुदत प्रसिद्धीपासून मोजतात, त्यामुळे त्या पुस्तकातली गाणी २०१२ अखेर खुली झाली.

संरक्षित साहित्य : वि. दा. सावरकर (निधन १९६६) ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, ग. दि. माडगूळकर (निधन १९७७) २०३७ अखेरपर्यंत, कुसुमाग्रज (निधन १९९९) २०५९ अखेरपर्यंत, पु. ल. देशपांडे (निधन २०००) २०६० अखेरपर्यंत. सुरेश भट (निधन २००३) २०६३ अखेरपर्यंत. हयात कवींना थेट विचारावं.

मुदत संपलेली असली तरी ओळीखाली कवीचं नाव घालावं आणि शब्द मोडतोड न करता छापावेत. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहून आलेल्या पर्यटकाला त्यांच्या ओळीची खूणपट्टी मिळाली तर तो आनंदाने घेईल, आणि कोणाची परवानगीही लागणार नाही.

महाराजांचं चित्र, तिरंगा आणि राजमुद्रा

इथे कॉपीराइटपेक्षा वेगळे कायदे लागतात. चिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) कायदा, १९५० च्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं व चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. काही अटींवर कॅलेंडरांना सूट आहे. बाजारात महाराजांची चित्रं सर्रास दिसतात, म्हणून हा कायदा अनेकांना माहीतच नसतो. निदान दुकानाचं नाव, लोगो आणि जाहिरात यांत तरी ही नावं व चित्रं घेऊ नयेत. मालावर छापण्याचं मोठं काम असेल तर आधी वकिलाला विचारावं. शिवाय महाराजांचं प्रत्येक चित्र कोणीतरी चित्रकाराने काढलेलं असतं, त्याचा कॉपीराइट वेगळा.

भारताच्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज उशी, रुमाल, नॅपकिन अशा वस्तूंवर छापता किंवा भरतकामात काढता येत नाही. चार सिंहांची राजमुद्रा २००५ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षित आहे. सरकारी नोकरी लागलेल्या मुलासाठी राजमुद्रेचा मग मागणाऱ्या ग्राहकाला नम्रपणे नाही म्हणावं.

'फ्री' चित्रं, विकतचे परवाने आणि फॉन्ट

इंटरनेटवर मोफत चित्रं मिळतात, पण मोफत म्हणजे वाटेल तसं वापरा असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात अक्षरांना अर्थ असतो. 'बीवाय' म्हणजे निर्मात्याचं नाव द्या. 'एनसी' म्हणजे व्यवसायासाठी वापरू नका. 'एनडी' म्हणजे बदल करू नका. 'एसए' म्हणजे बदलून बनवलेली कृतीही त्याच परवान्याने द्या. विकायच्या वस्तूवर 'एनसी' असलेलं चित्र चालत नाही, आणि नाव घालून बदल करायचा तर 'एनडी'ही चालत नाही. 'सीसी झीरो' पूर्ण मोकळं असतं.

पिक्साबे, अनस्प्लॅश यांसारख्या साइटवरची चित्रं व्यवसायासाठी चालतात, पण जशीच्या तशी छापून विकता येत नाहीत, त्यात आपलं काम हवं. कॅनव्हाचंही असंच : आपण मांडणी केलेलं डिझाइन मग किंवा टी-शर्टवर छापून विकता येतं, त्यातलं एकच चित्र तसंच उचलून विकता येत नाही. शटरस्टॉकवर साधा परवाना विक्रीच्या मालाला पुरत नाही, त्यासाठी वरच्या दर्जाचा 'एन्हान्स्ड' परवाना घ्यावा लागतो. हे नियम बदलत असतात, म्हणून चित्र उतरवलं त्याच दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

नावाच्या पाट्या करणाऱ्यांनी फॉन्टकडेही पाहावं. अनेक देखणे देवनागरी फॉन्ट विकतचे असतात आणि त्यांची चोरीची प्रत मोबाइलवर फिरत असते. मुंबईच्या एक टाइप संस्थेचे 'मुक्ता', 'बलू' आणि 'मोदक' हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात. त्यांनी बनवलेली पाटी विकायला हरकत नाही, फक्त फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकता येत नाही.

वारली नक्षी आणि हापूसचा स्टिकर

वारली शैलीत नवं चित्र काढायला कॉपीराइट आड येत नाही. पण जिव्या सोमा म्हसे (निधन २०१८) यांचं एखादं चित्र जसंच्या तसं उतरवता येणार नाही, त्याला २०७८ अखेरपर्यंत संरक्षण आहे. शिवाय 'वारली चित्रकला' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे आपल्या मालावर ते नाव लावून तो अस्सल असल्याचं भासवू नये.

कोकणाला हे मानांकन हापूसमुळे ओळखीचं आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळालं. आंब्याच्या भेटपेटीसाठी नावाचे स्टिकर छापणाऱ्यांनी पेटीत आंबा कुठला आहे ते विचारूनच 'रत्नागिरी हापूस' लिहावं.

कारागिरांच्या हक्काची ताकद २०२५ मध्ये दिसली. इटलीच्या प्रादा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीला ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य करावं लागलं.

आपल्या गावाची चित्रं सर्वांत बरी

परवान्याच्या कटकटीतून सुटण्याचा सोपा मार्ग दाराबाहेरच आहे. मांडवीची जेटी, काळी वाळू, मिरकरवाड्याच्या होड्या, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा यांचे स्वतः काढलेले फोटो किंवा रेखाटनं पूर्णपणे स्वतःची असतात. इमारतींचं आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्यांचं चित्र किंवा फोटो काढायला कलम ५२ ची मुभा आहे. ही मुभा चित्र-फोटोपुरती आहे, पुतळ्याची छोटी प्रतिकृती घडवून विकण्याला ती लागू नाही. पर्यटकालाही ओळखीच्या कार्टूनपेक्षा मांडवीचा मॅग्नेट जास्त दिवस आठवण देतो.

आपलं डिझाइन कोणी उचललं तर?

कायदा दोन्ही बाजूंनी चालतो. घरी बसून काढलेली नक्षी आणि आपल्या मालाचे आपण काढलेले फोटो हीसुद्धा आपली मालमत्ता आहे. दुसरा विक्रेता तेच फोटो लावून माल विकत असेल तर त्या ऑनलाइन मंचाला लेखी तक्रार द्यावी. कॉपीराइट नियम, २०१३ नुसार अशी रीतसर तक्रार आल्यावर ३६ तासांत तो मजकूर बंद करणं अपेक्षित आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो.

पुराव्यासाठी कच्ची रेखाटनं, मूळ फाइल आणि तारखा जपाव्यात. हवं तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणी करता येते. चित्राचं शुल्क ५०० रुपये, मालावर वापरायचं चित्र असेल तर २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क एका व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपयांत मागता येतो आणि नोंदला गेला की १० वर्षे टिकतो.

इथे एक खाच लक्षात ठेवावी. वस्तूचा आकार किंवा नक्षी डिझाइन कायद्यात नोंदवण्याजोगी असून नोंदवली नाही, तर यंत्रावर ५० हून अधिक नग काढल्यानंतर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. ही नोंदणी डिझाइन बाजारात आणण्याआधीच करावी लागते.

हक्क मोडणाऱ्याविरुद्धचा दावा हक्कदार स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. म्हणजे मांडवीच्या कारागिराला त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. उलट मोठी कंपनीही तिच्या शहरात दावा लावू शकते, हेही ध्यानात असावं.

नोटीस आली तर

घाबरून फोन बंद करू नये आणि घाईने पैसेही भरू नयेत. आधी त्या वस्तूची विक्री थांबवावी, ऑनलाइन फोटो उतरवावेत. नोटीस कोणी पाठवली, कोणत्या चित्राबद्दल आहे आणि त्यांच्याकडे हक्काचा काय पुरावा आहे, हे पाहावं. मग वकिलामार्फत लेखी उत्तर द्यावं. हक्क नसताना कोणी धमकावत असेल तर त्याविरुद्धही कलम ६० खाली दाद मागता येते.

जाणूनबुजून हक्कभंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कलम ६३ मध्ये आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पोलिसांना माल जप्तही करता येतो. दिवाणी दाव्यात मात्र हक्क आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटण्याचं कारणही नव्हतं, असं विक्रेत्याने सिद्ध केलं तर जबाबदारी मर्यादित राहते. ते सिद्ध करायला कागद लागतो.

ऑर्डर घेताना हे करा

१. फोटो किंवा मजकूर कुठून आणला, ते ग्राहकाला विचारा.
२. ग्राहकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहून घ्या : "हा फोटो मी काढला आहे / माझ्या मालकीचा आहे / छापण्याची मला परवानगी आहे. फोटोतील व्यक्तींची संमती आहे. तक्रार आल्यास जबाबदारी माझी." यामुळे विक्रेत्याची जबाबदारी पूर्ण सुटत नाही, पण त्याचा प्रामाणिकपणा दिसतो आणि भरपाई ग्राहकाकडे मागता येते.
३. कलाकाराकडून परवानगी घेताना ती लेखीच घ्या. कोणतं चित्र, कोणत्या वस्तूवर, किती नग, किती वर्षं, कोणत्या भागात आणि मोबदला किती, हे सहा मुद्दे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.
४. परवान्यांचे स्क्रीनशॉट, बिलं आणि परवानग्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मोबाइल हरवला तरी त्या मिळतील अशी दुसरी प्रत असू द्या.
५. शंका असेल तर नाही म्हणा आणि पर्याय सुचवा. कार्टूनऐवजी मुलाचं नाव आणि हाताने काढलेला वाघ, सिनेमाच्या गाण्याऐवजी तुकोबांचा अभंग.

बचत गटातून काम करणाऱ्यांनी हे नियम गटाच्या बैठकीत एकदा वाचून घ्यावेत, कारण एकीच्या चुकीने सगळ्यांच्या स्टॉलवरचा माल अडकू शकतो. एका मगवर सुटणारे पैसे थोडे असतात. त्यासाठी प्रिंटर आणि तयार माल जप्तीत जाऊ देण्यापेक्षा, ऑर्डर घेताना विचारलेला एक प्रश्न स्वस्त पडतो : "ताई, हा फोटो कोणी काढलाय?"